वादळवाटेवरची आजी

ऑगस्ट १९५५ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पाच दिवसांच्या अंतराने दोन चक्रीवादळे धडकली. १२ ऑगस्टला 'कॉनी' नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्याला लागले आणि उत्तरेकडे सरकत वाटेतला सारा मुलूख भिजवून गेले. जमीन पाणी पिऊन तट्ट फुगलेली, ओढे काठोकाठ वाहणारे, अशा अवस्थेत १७ ऑगस्टला 'डायान' आले. वाऱ्याच्या जोरात ते 'कॉनी'हून सौम्य होते. पण त्याने आणलेला पाऊस मुरायला कुठे जागाच उरली नव्हती. पेनसिल्व्हेनिया, कनेक्टिकट आणि मॅसॅच्युसेट्समध्ये नद्यांनी पात्रे सोडली, गावेच्या गावे पाण्याखाली गेली, १८० हून अधिक माणसे दगावली. अमेरिकेत ज्याच्या नुकसानीचा हिशेब एक अब्ज डॉलरपर्यंत पोचला असे ते पहिले चक्रीवादळ मानले जाते.

त्याच पंधरवड्यात न्यू इंग्लंडच्या डोंगररांगांतून एक ६७ वर्षांची बाई एकटी उत्तरेकडे चालत होती. पायात कापडी बूट, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी. तंबू नाही, नकाशा नाही, झोपण्यासाठी उबदार थैली नाही. अकरा मुलांची आई आणि तेवीस नातवंडांची आजी असलेल्या या बाईंचे नाव एमा गेटवूड. वर्तमानपत्रांनी पुढे त्यांना 'ग्रँडमा गेटवूड' केले आणि अमेरिकेच्या पदभ्रमणाच्या इतिहासात त्या याच नावाने राहिल्या.

एमाचा जन्म २५ ऑक्टोबर १८८७ रोजी ओहायो राज्यातल्या गॅलिया परगण्यात झाला. कॉल्डवेल कुटुंबातल्या पंधरा भावंडांपैकी ती एक. घर शेतकऱ्याचे, हातातोंडाची गाठ कशीबशी पडणारे. शाळा जेमतेम आठवीपर्यंत. वाचनाची हौस मात्र पुढे आयुष्यभर टिकली. १९०७ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तिचे पेरी गेटवूड यांच्याशी लग्न झाले. पेरी शिकलेले, आधी शिक्षक आणि नंतर तंबाखू पिकवणारे शेतकरी. बाहेरून पाहणाऱ्याला संसार बरा वाटावा असा होता.

आतली गोष्ट वेगळी होती. लग्नानंतर थोड्याच दिवसांत मारहाण सुरू झाली आणि ती तीन दशकांहून अधिक काळ चालू राहिली. शेतातली, घरातली कष्टाची कामे करायची, लागोपाठ बाळंतपणे सोसायची आणि रात्री मार खायचा. १९२४ मध्ये एका भांडणात पेरी यांच्या हातून एक माणूस मेला. न्यायालयात गुन्हा शाबीत झाला. पण घरी बायको आणि इतकी मुले आहेत, शेत आहे, या कारणासाठी तुरुंगवासाची शिक्षा स्थगित ठेवण्यात आली. कुटुंबावर दया म्हणून दिलेल्या या सवलतीने त्या कुटुंबाच्या वाट्याला काय ठेवले, याचा विचार कोणी केल्याचे दिसत नाही.

त्या वर्षांत एमाबाईंना एकच आसरा होता, घरामागचे रान. मारापासून पळून त्या झाडीत जात, एकट्या फिरत, वनस्पती ओळखत, कोणता पाला खाता येतो आणि कोणत्या मुळीचा काढा होतो हे शिकत. घटस्फोट मागण्याचा विषय निघाला की नवरा त्यांना वेडी ठरवून इस्पितळात टाकण्याची धमकी देई. त्या काळी ही धमकी पोकळ नसे. नवऱ्याच्या शब्दावर बायकांची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात झाल्याची उदाहरणे तेव्हा थोडी नव्हती.

१९३९ मध्ये पाणी डोक्यावरून गेले. एका भांडणात एमाबाईंनी पिठाची पिशवी नवऱ्याच्या अंगावर फेकली. तो घराबाहेर गेला आणि पोलिसाला घेऊन आला. कोठडीत गेल्या त्या एमाबाई. दात तुटलेले, बरगडी चिरलेली, चेहरा सुजलेला. दुसऱ्या दिवशी वेस्ट व्हर्जिनियातल्या त्या छोट्या गावाच्या नगराध्यक्षाने त्यांची ती दशा पाहिली आणि त्यांना कोठडीतून काढून स्वतःच्या घरी आश्रय दिला. १९४१ मध्ये घटस्फोट मंजूर झाला. तेव्हा त्या त्रेपन्न वर्षांच्या होत्या. पुढची वर्षे त्यांनी धाकटी मुले वाढवण्यात, रुग्णांची शुश्रूषा करण्यात, मिळेल ते काम करण्यात घालवली. मुले एकेक करून घराबाहेर पडली, मार्गी लागली. घर रिकामे झाले.

डॉक्टरांच्या दवाखान्यात ताटकळत असताना 'नॅशनल जिऑग्राफिक' मासिकाचा एक जुना अंक त्यांच्या हाती पडला. ऑगस्ट १९४९ च्या त्या अंकात अ‍ॅपलाचियन ट्रेलवर सचित्र लेख होता. जॉर्जियापासून मेनपर्यंत, चौदा राज्यांतून, डोंगरांच्या माथ्यामाथ्याने जाणारी ही सलग पायवाट. बेंटन मकाय या वनतज्ज्ञाने १९२१ मध्ये तिची कल्पना मांडली आणि स्वयंसेवकांच्या श्रमातून ती १९३७ मध्ये पूर्ण झाली. तेव्हा तिची लांबी दोन हजार पन्नास मैल, म्हणजे सुमारे तेहतीसशे किलोमीटर होती. ती एका दमात पूर्ण करणारा पहिला माणूस होता अर्ल शेफर. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या या तरुणाने १९४८ मध्ये ती वाट चालून काढली. त्यानंतर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच लोक त्यात यशस्वी झाले होते आणि ते सगळे पुरुष होते. मिल्ड्रेड नॉर्मन यांनी १९५२ मध्ये एका सोबत्यासह संपूर्ण वाट चालली होती हे खरे. मात्र त्यांनी ती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे अशी सलग चाललेली नव्हती. एकट्या बाईने ती सलग चालल्याची नोंद नव्हती.

लेखाने वाटेचे मोठे गोड वर्णन केले होते. रुंद, नीट राखलेली, खुणांनी रंगवलेली वाट. दिवसभराच्या चालीच्या अंतरावर निवारे. साधारण प्रकृतीच्या कोणालाही जमेल असा प्रवास. एमाबाईंनी त्यावर विश्वास ठेवला.

पहिला प्रयत्न फसला. जुलै १९५४ मध्ये कोणालाही न सांगता त्या मेनमधल्या कटाडिन डोंगरावरून दक्षिणेकडे निघाल्या. थोड्याच दिवसांत वाट चुकली. मेनचे ते रान म्हणजे तळी, दलदल आणि एकसारखी दिसणारी झाडी. त्यातच चष्मा फुटला आणि शिधा संपला. शोध घेणाऱ्या वनरक्षकांपर्यंत त्या अखेर पोचल्या, तेव्हा त्यांना घरी जाण्याचा सल्ला मिळाला. त्या घरी गेल्या. ही फजिती त्यांनी मुलांनाही सांगितली नाही. मग रोज चालण्याचा सराव सुरू झाला. अंतर थोडे थोडे वाढवत त्या दिवसाला दहा मैलांवर आल्या.

पुढच्या वसंतात मुलांना आपण जरा फिरायला जाते एवढेच सांगून त्या निघाल्या. विमानाने अटलांटा, तिथून पुढे जॅस्पर आणि मग भाड्याच्या मोटारीने माउंट ओगलथॉर्प. ३ मे १९५५ रोजी चाल सुरू झाली. जवळ दोनशे डॉलरहून कमी पैसे होते. पिशवीत काय होते याची यादी आज वाचताना गंमत वाटते आणि बाईंच्या अकलेचे कौतुकही वाटते. एक लष्करी कांबळे, एक रेनकोट आणि न्हाणीघरातला प्लॅस्टिकचा पडदा. हा पडदा पावसात डोक्यावर घ्यायचा, रात्री ओल्या जमिनीवर अंथरायचा. मलमपट्टी, आयोडिन, चाकू, विजेरी, छोटी वही. खाण्यासाठी डबाबंद सॉसेज, बेदाणे, शेंगदाणे, दुधाची भुकटी, सूपच्या वड्या. आणि गावात कोणाच्या घरी जाण्याची वेळ आलीच तर झटकून अंगावर घालता येईल असा एक चौकटीचा झगा. सगळे मिळून ओझे वीस पौंडांच्या आतले. बाजारात मिळणारी अवजड गिर्यारोहण सामग्री घेऊन निघालेले धट्टेकट्टे तरुण अर्ध्या वाटेवर परत फिरत असताना ही बाई एका खांद्यावरची पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेत पुढे सरकत होती. कमी ओझ्याच्या पदभ्रमणाचा आज जो मोठा पंथ झाला आहे, तो त्यांना आपल्या पूर्वसूरींत गणतो.

वाट लेखात होती तशी नव्हती. निवारे कुठे जळालेले, कुठे कोसळलेले, कुठे इतके घाण की त्यापेक्षा उघड्यावर झोपलेले बरे. रंगाच्या खुणा पुसलेल्या, पडलेल्या झाडांखाली पाऊलवाट गाडलेली. बाईंनी पुढे वार्ताहरांपुढे याविषयीची नाराजी जराही झाकून ठेवली नाही. नकाशा नसल्याने चुकणे रोजचेच होते. रात्र कधी पालापाचोळ्याच्या ढिगात, कधी सहलीच्या बाकावर, कधी एखाद्या घराच्या ओसरीत जाई. थंडी फार असली की शेकोटीत दगड तापवायचे आणि त्यांवर पाठ टेकायची. काही घरांनी त्यांना जेवू घालून गादीवर झोपवले. काहींनी भटकी समजून दारातूनच परत लावले. नॉर्थ कॅरोलिना आणि टेनेसीच्या सीमेवर ही वाट स्मोकी पर्वतातून सर्वांत उंच चढते. त्या शिखराला तेव्हा क्लिंगमन्स डोम म्हणत. २०२४ पासून त्याचे मूळ चेरोकी नाव कुवोही पुन्हा अधिकृत झाले आहे. उंची २,०२५ मीटर.

अ‍ॅपलाचियन डोंगर हिमालयासारखे उंच नाहीत. त्यांचा छळ निराळ्या जातीचा आहे. मेक्सिकोच्या आखातातून आणि अटलांटिकवरून येणारी दमट हवा या रांगांना अडते, वर चढते आणि थंड होऊन कोसळते. उन्हाळ्याच्या एकाच दिवसात पहाटे दाट धुके, दहाच्या सुमारास घामाने निथळवणारे ऊन, दुपारी माथ्यावर ढगांचा गडगडाट आणि संध्याकाळी हाडे गारठवणारा वारा असा सारा खेळ होऊ शकतो. हजार मीटर चढले की तापमान सहा-साडेसहा अंशांनी उतरते. त्यात अंगावरचे कपडे ओले असतील तर उन्हाळ्यातही थंडीने माणूस दगावतो. एमाबाईंचा दिनक्रम या हवेशी जुळलेला होता. उजाडताच निघायचे, थकवा आला की थांबायचे, पाऊस लागला तर चालत राहायचे. कारण चालणाऱ्या अंगाला ऊब राहते. दिवसाची सरासरी चौदा मैलांची पडली. सपाट सडकेवरचे हे मैल नव्हेत, हे लक्षात घेतले पाहिजे.

जूनमध्ये व्हर्जिनियातल्या रोआनोकच्या एका वर्तमानपत्राला या आजीचा सुगावा लागला आणि बातमी छापून आली. आई कुठे फिरायला गेली आहे ते मुलांना अशा बातम्यांतून कळले. मग गावोगावचे वार्ताहर वाटेवर उभे राहू लागले. 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'ची प्रतिनिधीही येऊन भेटली. सर्वांचा प्रश्न एकच असे, या वयात हे कशासाठी? एमाबाई दर वेळी वेगळे उत्तर देत. डोंगराच्या पलीकडे काय आहे ते पाहायचे होते, मुले मोठी झाली, वाटले म्हणून निघाले, अशा धर्तीची ती उत्तरे. यजमानांबद्दल विचारले की आपण विधवा आहोत असे त्या सांगत. पेरी गेटवूड त्या वेळी हयात होते. देशभर छापून आलेल्या त्या हसतमुख आजीच्या छायाचित्रांमागचा तीस वर्षांचा मार वाचकांना माहीत नव्हता. ती हकिकत सविस्तर उजेडात आली ती बेन माँटगोमेरी यांच्या २०१४ मधल्या चरित्रग्रंथातून, कुटुंबीयांनी जपलेल्या वह्या आणि पत्रे यांच्या आधारे.

आणि मग ऑगस्ट आला. वाट आता न्यू इंग्लंडमध्ये शिरली होती. 'कॉनी'च्या पावसाने पायवाटांचे ओहोळ केले. व्हरमाँटमधल्या एका निवाऱ्यात त्यांना वादळी पावसात सोबत मिळाली ती न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातून आलेल्या तरुण मुलांची. एकमेकांशी वैर असलेल्या टोळ्यांतली ही मुले, त्यांना चर्चच्या मंडळींनी डोंगरात आणले होते. गळक्या छपराखाली ही गोरी म्हातारी आणि ती काळी पोरे एकत्र राहिली. वांशिक भेदभावाने चिरफाळलेल्या त्या दशकात अशी रात्र शहरात कुठेही शक्य झाली नसती.

'डायान'नंतर ओढ्यांच्या नद्या झाल्या. व्हरमाँटमधल्या क्लॅरेंडन घळीत पाण्याने पूल वाहून नेला होता. एमाबाईंना पोहता येत नव्हते. फेसाळत्या पाण्याच्या काठी त्या कोणीतरी येण्याची वाट पाहत राहिल्या. अखेर नौदलातले दोन तरुण त्याच वाटेने आले. तिघांनी कमरेला एकच दोर बांधला, आजींना मधोमध घेतले आणि पाण्यात पाय टाकला. प्रवाहाचा जोर इतका की एक पाय रोवल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही. तिघे पलीकडे पोचले. बाईंनी भिजलेले कपडे पिळले आणि चाल पुन्हा धरली.

पुढे न्यू हॅम्पशायरचे व्हाइट माउंटन्स. तिथे सुमारे साडेतेराशे मीटरनंतर झाडे संपतात आणि माणूस उघड्या खडकावर वाऱ्याच्या तोंडी येतो. यातल्याच माउंट वॉशिंग्टनवर १२ एप्रिल १९३४ रोजी ताशी ३७२ किलोमीटर वेगाचा वारा मोजला गेला होता. तिथून मेन. मागच्या वर्षी जिथे हार मानावी लागली ते रान आता उलट दिशेने समोर आले. केनेबेक नदी त्यांनी होडीतून ओलांडली. पडण्याने गुडघा दुखावला, चष्मा पुन्हा फुटला, अंगावरचे वजन उतरले. सप्टेंबर सरत होता आणि उत्तरेकडचा हिवाळा दाराशी आला होता.

२५ सप्टेंबर १९५५ चा दिवस कटाडिनचा. पेनॉबस्कॉट भाषेत या नावाचा अर्थ 'सर्वांत थोर डोंगर'. उंची १,६०६ मीटर. आकडा फसवा आहे, कारण पायथ्यापासूनचा चढ सरळ अंगावर येतो. खालच्या टप्प्यात झाडी आणि ओढ्याची सोबत असते. मग धोंडे सुरू होतात आणि हातापायांनी चढावे लागते. त्यानंतर येते ते उघडे पठार, जिथे ढग उतरले तर दहा पावलांवरचे दिसत नाही. त्या दिवशी ढग होते आणि बोचरा वाराही होता. जवळ होते नव्हते तेवढे सगळे कपडे बाईंनी अंगावर चढवले होते. दुखरा गुडघा, फुटका चष्मा, पायात कितव्यांदा तरी बदललेले कापडी बूट. माथ्यावर बॅक्स्टर शिखराशी त्या पोचल्या, नोंदवहीत नाव लिहिले आणि वाऱ्यात उभ्या राहून अमेरिकेच्या सौंदर्याचे सुप्रसिद्ध देशगीत एकट्याच म्हणाल्या. १४६ दिवस लागले होते. एका हंगामात ही वाट एकटीने, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाललेली ती पहिली स्त्री. आणि मग जो डोंगर चढला होता तो त्याच हवेत उतरायचाही होता, हे वाचताना सहसा ध्यानात येत नाही.

दूरचित्रवाणीवर त्यांच्या मुलाखती झाल्या, विनोदी नट ग्राउचो मार्क्स यांच्या कार्यक्रमातही त्या झळकल्या. वाटेच्या दुरवस्थेबद्दलची त्यांची तक्रार देशभर पोचली आणि वाट राखणाऱ्या मंडळांना हालचाल करावी लागली. १९५७ मध्ये त्यांनी ती सारी वाट पुन्हा चालून काढली. तिसऱ्यांदा टप्प्याटप्प्याने चालून १९६४ मध्ये ती पुरी केली. तीन वेळा संपूर्ण वाट चाललेल्या त्या पहिल्याच व्यक्ती, स्त्री-पुरुष हा भेद न धरता. मधल्या काळात, १९५९ मध्ये, ओरेगॉन राज्याच्या शताब्दीनिमित्त त्यांनी मिसुरीतल्या इंडिपेंडन्सपासून पोर्टलंडपर्यंत सुमारे दोन हजार मैल केले. ही चाल डोंगरातली नव्हती. डांबरी सडकेवरच्या रणरणत्या उन्हात त्या छत्री घेऊन चालल्या. वय होते ७१.

उतारवयात त्यांनी आपल्या मुलखातल्या बकाय ट्रेलच्या उभारणीत हात घातला. गॅलिया परगण्यातली झाडी तोडून, झाडांवर खुणा रंगवून त्यांनी मैलोन्मैल वाट मोकळी केली. ४ जून १९७३ रोजी, ८५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ओहायोतल्या त्यांच्या कबरीवर नावाबरोबर 'आजी' एवढेच कोरलेले आहे. अ‍ॅपलाचियन ट्रेलला १९६८ मध्ये राष्ट्रीय दर्जा मिळालेला त्यांनी पाहिला होता. तिच्या मानकऱ्यांच्या यादीत मात्र त्यांचे नाव २०१२ मध्ये दाखल झाले.

ओहायोच्या हॉकिंग हिल्समध्ये दर जानेवारीत एक हिवाळी पदयात्रा निघते. एमाबाई अखेरच्या वर्षांत लाल टोपी घालून तिच्या पुढे चालत. ओल्ड मॅन्स केव्हपासून सीडर फॉल्समार्गे अ‍ॅश केव्हपर्यंतची ही सहा मैलांची वाट आता त्यांच्या नावाने ओळखली जाते. धबधबे गोठलेले असतात, पायाखाली बर्फ निसरडे असते, आणि तरीही दर वर्षी हजारो माणसे, लेकराबाळांसकट, तिथे चालायला येतात.